मंडळीत वडीलवर्ग कसा उभा करावा

एखाद्या मंडळीने (चर्चने) ‘आमच्याकडे वडील आहेत’, म्हणजे मंडळीची देखरेख करणारे पुढारी आहेत, असं सांगितलं, की किती आहेत हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, मागच्या वर्षभरात पाळकाने (पास्टरने) मांडलेली एखादी गोष्ट वडिलांनी नाकारली का? आणि नाकारल्यावर पुढच्या रविवारी सगळे एकत्र बसून मोकळ्या मनाने प्रभुभोजन (येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस) घेऊ शकले का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तर तिथलं पुढारपण खरंच सामायिक आहे. पहिल्याच प्रश्नाला सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर कागदावर सात नावं असली तरी पुढारी एकच आहे.

मी एकट्या पाळकाच्या मंडळीत वाढलो. माणूस प्रामाणिक होता. वचन सांगणं (बायबलमधून उपदेश), लग्नं, अंत्यविधी, हिशेब, गळणारं छप्पर, नवराबायकोची भांडणं, सगळं त्यांच्याकडे. एका रविवारी शास्त्रवाचन करता करता ते मधेच थांबले, बायबल मिटलं आणि खाली बसले. बराच वेळ कोणी हललं नाही. पुढे काय करायचं ते कोणालाच कळेना, कारण पुढे काही करण्याचा अधिकार त्यांच्याशिवाय कोणाला दिलेलाच नव्हता. पुढे मी स्वतः वडील म्हणून सेवा केली आणि हे ओझं वाटून घ्यायला किती वेळ आणि किती धीर लागतो ते शिकलो. ते शिकलेलं इथे क्रमाने लिहितो.

आधी वचन, मग नावं

सुरुवात नेमणुकीपासून करू नका. निदान सहा महिने मंडळीबरोबर शास्त्र उघडून बसा. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा प्रचारयात्रेच्या परतीच्या वाटेवर प्रत्येक मंडळीत वडील नेमतात, तेही उपास आणि प्रार्थना करून (प्रेषितांची कृत्ये १४:२३). पौलाचा सहकारी तीत याला क्रेत बेटावर मागे ठेवलं जातं ते नगरोनगरी वडील नेमण्यासाठी (तीत १:५). फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत अध्यक्ष (देखरेख करणारे) आणि सेवक (मदतीची कामं सांभाळणारे), दोन्ही अनेकवचनी. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं याकोब लिहितो (५:१४). पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात (१ तीमथ्य ३) अध्यक्षाचे गुण सांगताना एकवचन येतं हे खरं. पण प्रत्यक्षातल्या एखाद्या मंडळीच्या वडिलांबद्दल बोलताना बहुतेक ठिकाणी अनेकवचनच दिसतं.

प्रेषितांची कृत्ये २० वर एक पूर्ण बैठक खर्च करा. सतराव्या वचनात पौल मिलेतहून इफिसच्या मंडळीच्या ‘वडिलांना’ बोलावून घेतो. अठ्ठाविसाव्या वचनात त्याच माणसांना तो ‘अध्यक्ष’ म्हणतो आणि देवाच्या मंडळीचं पालन करायला, म्हणजे मेंढपाळाचं काम करायला सांगतो. तीन शब्द, पण माणसं तीच. १ पेत्र ५ मध्येही हेच तीन धागे एकत्र येतात आणि पेत्र स्वतःला ‘सोबतीचा वडील’ म्हणवतो. प्रेषिताने हा शब्द स्वतःसाठी निवडावा, यावर मी अजूनही थांबतो.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगा. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच अंत्युखियाचा इग्नेशियस एक बिशप (मंडळीचा एकटा प्रमुख), त्याच्याबरोबर वडील आणि सेवक अशी रचना गृहीत धरून पत्रं लिहितो. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन मंडळ्या बिशपांची परंपरा जपतात. जिनिव्हात १५४१ साली धर्मसुधारक कॅल्विनच्या पुढाकाराने झालेल्या नियमावलीत पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक अशी चार पदं आली आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची वाट तिथून पुढे गेली. १६८९ च्या लंडनच्या बाप्टिस्ट विश्वासाच्या कबुलीत (आपण काय मानतो याच्या लेखी निवेदनात) बिशप किंवा वडील आणि सेवक एवढीच पदं आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या काही ब्रदरन मंडळ्यांनी तर पगारी पाळकाशिवाय फक्त वडिलांवर कारभार चालवला. देवभीरू माणसं या प्रश्नावर वेगवेगळ्या ठिकाणी उभी राहिली आहेत. आपण कुठे उभे आहोत आणि का, हे सभासदांना सांगता आलं पाहिजे, नाहीतर पहिल्या वादातच ‘हे कुठून आणलं?’ असा प्रश्न येईल.

सध्याचा पाळक मनापासून तयार नसेल तर इथेच थांबा. त्याच्या इच्छेविरुद्ध बसवलेला वडीलवर्ग म्हणजे त्याच्याविरुद्ध उभा केलेला गट ठरतो, आणि मंडळीला ते कळायला फार दिवस लागत नाहीत.

नियमावली नावांच्या आधी लिहा

नावं ठरल्यावर नियम लिहायला बसलं, की प्रत्येक नियमाला कोणाचा तरी चेहरा चिकटतो. म्हणून आधीच लिहून काढा: वडील कमीत कमी किती, त्यांना सुचवणार कोण, पसंती देणार कोण, मुदत किती, सभेला किती जण हजर हवेत, कोणते विषय सगळ्या मंडळीपुढे जातील, आणि वडिलाला दूर कसं केलं जाईल. दूर करण्याचं कलम लिहायला माणसं संकोचतात. मात्र प्रसंग आल्यावर ते लिहिता येत नाही, त्यामुळे संकोच आत्ताच बाजूला ठेवा. मंडळीची नोंदणी असेल तर आपल्या देशाच्या कायद्यात विश्वस्त कोण आणि वडील कोण हे एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. दोन्ही नेहमी एकच नसतात.

स्त्रिया वडील असाव्यात की नाहीत याबद्दल मंडळ्यांमध्ये खरा मतभेद आहे. तुमची भूमिका नियमावलीत स्पष्ट लिहा. ती कोणतीही असो, बहिणींचं म्हणणं वडिलांच्या सभेपर्यंत पोचण्याची ठरलेली वाट असलीच पाहिजे. अनेक मंडळ्यांत दुःखाची बातमी त्यांना सर्वांत आधी कळते.

संख्येबद्दल शास्त्र आकडा देत नाही. दोघांत मतभेद झाला की गाडं अडतं, म्हणून तिघांपासून सुरुवात करावी असं माझं मत. योग्य माणसं तीन नसतील तर थांबा. आकडा भरण्यासाठी घेतलेला माणूस पुढे दहा वर्षं जड जातो.

माणसं शोधणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. १ तीमथ्य ३ आणि तीत १ मधल्या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. कसब म्हणावं अशी गोष्ट जवळपास एकच आहे, शिकवता येणं. बाकी सगळं स्वभावाबद्दल आणि वागण्याबद्दल आहे: अतिथिप्रिय, सौम्य, भांडखोर नसलेला, पैशाचा लोभ नसलेला, घर नीट चालवणारा, नवशिका नसलेला, आणि बाहेरच्या लोकांतही ज्याचं नाव चांगलं आहे असा. तरीही आपण बघतो काय? शिक्षण, हुद्दा, दानाची रक्कम, जुनं घराणं. ‘त्यांना घेतलं नाही तर नाराज होतील’ हे कारण तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, आणि ते ऐकूनही एकदा गप्प बसलो आहे. त्या माणसाला वडील केलं, आणि पुढे कोणताही निर्णय घेताना त्याच्या नाराजीचा विचार आधी करावा लागला.

वडील शोधायचा म्हणजे जो आधीपासून ते काम पदाशिवाय करतो आहे त्याला ओळखायचं. घरात संकट आलं की लोक कोणाला फोन करतात? उपासना संपल्यावर एकट्या उभ्या असलेल्या माणसाजवळ कोण जातं? शिकवताना न पटणारा प्रश्न आला तर कोणाचा आवाज चढत नाही?

नाव मनात आलं तरी जाहीर करू नका. एक साधं, कोणाला न दिसणारं काम द्या आणि वाट पाहा. आम्ही एका भावाला अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना दर आठवड्याला भेटायला सांगितलं. का सांगितलं ते त्याला माहीत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात मी आजींकडे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “तो आला की आधी माझ्या गोळ्या संपल्यात का ते बघतो, मग बायबल उघडतो.” त्याच्याबद्दलचा माझा निर्णय त्या वाक्यावर झाला. त्याच काळात आणखी एकाला असंच एक घर दिलं होतं. तो दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा त्याने फोटो पाठवला.

मग घरी जा. जोडीदाराशी वेगळं बोला आणि उत्तर ऐकण्याची खरी तयारी ठेवा. ‘हे घरीही असेच आहेत का?’ एवढाच प्रश्न विचारावा. लगेच आलेलं ‘हो’ आणि थोडं थांबून आलेलं ‘हो’ यातला फरक लक्षात येतो. कामाच्या ठिकाणी त्याच्याबद्दल काय बोललं जातं, उधारी आहे का, मुलं त्याला घाबरतात की त्याच्याजवळ येतात, हेही बघा. नातेवाइकांचा गठ्ठा होऊ देऊ नका. सख्खे भाऊ, मेहुणे, सासरा-जावई असे निम्मे वडील एकाच घरातले असले, की सभेचा निर्णय आदल्या रात्री जेवतानाच झालेला असतो.

निदान एक वर्ष असं जाऊ द्या. हात ठेवण्याची, म्हणजे कोणाला पदावर नेमण्याची, घाई करू नको, असं पौल तीमथ्याला उगाच सांगत नाही (१ तीमथ्य ५:२२).

नेमणूक

नाव मंडळीपुढे ठेवा आणि हरकतीसाठी तीन-चार आठवडे द्या. हरकत खासगीत, पण स्वतःचं नाव सांगून घ्यावी; निनावी चिठ्ठ्यांवर माणसाची चौकशी चालवू नये. उमेदवाराने मंडळीच्या विश्वासाच्या कबुलीवर आपले मतभेद असतील तर ते आधीच सांगावेत. त्यानंतर उपास, प्रार्थना आणि सगळ्यांसमोर हस्तार्पण. त्या दिवशी वडिलांकडून वचन घेता तसं मंडळीकडूनही घ्या, की त्यांच्याबद्दल तक्रार असली तर आधी त्यांच्याजवळच नेऊ.

सभा आणि निर्णय

वडिलांची सभा ही कमिटीची मीटिंग नसते. आमच्या सभेचा पहिला अर्धा भाग सभासदांच्या यादीवर जातो: एकेक नाव घ्यायचं, शेवटचं कोण भेटलं ते विचारायचं, प्रार्थना करायची. एखाद्या नावावर सगळेच गप्प झाले तर ते घर त्याच आठवड्यात कोणाच्या तरी वाट्याला येतं. छप्पर, खुर्च्या आणि लाऊडस्पीकर यांतच सभा संपत असेल, तर तुमच्याकडे सेवकवर्गाची उणीव आहे. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये सात जण निवडले गेले ते प्रेषितांना प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडावी लागू नये म्हणून. वडील आणि सेवक यांची कामं वेगळी ठेवताना तोच धडा उपयोगी पडतो.

आता निर्णय कसा घ्यायचा. शिकवण, शिस्त, नवा वडील, मोठं कर्ज किंवा मालमत्ता या बाबतीत एकमत असावं. रोजच्या बाबतीत बहुमत पुरे. एकमताचा धोकाही ओळखून असा: एकच हट्टी माणूस सगळ्यांना अडवून धरू शकतो, आणि मग एकट्याची सत्ता मागच्या दाराने परत येते. त्यावर आम्ही असं ठरवलं. एखादा विरोधात असेल तर विषय एक महिना पुढे ढकलायचा. त्याने आपली कारणं लिहून द्यायची, बाकीच्यांनी ती वाचून प्रार्थना करायची. तरी मन बदललं नाही तर नियमावलीत ठरलेल्या मोठ्या बहुमताने निर्णय घ्यायचा. प्रत्यक्षात त्या महिन्याभरात दोन्ही बाजू सरकतात. यरुशलेमच्या सभेतही आधी बराच वादविवाद झाला, मग पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, मग याकोब; आणि त्यानंतर ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला’ योग्य वाटलं असं पत्र निघालं (प्रेषितांची कृत्ये १५). वादविवाद आधी झाला म्हणूनच त्या ‘आम्हांला’ला वजन आहे.

गप्प बसणं म्हणजे संमती समजू नका. प्रत्येकाला नाव घेऊन विचारा, आणि सर्वांत नव्या वडिलाला आधी. पाळक शेवटी बोलतील. आम्ही हा क्रम पाळायला लागलो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात सभागृहासाठी कर्ज काढण्याचा विषय होता. एरवी पाळकाने उत्साहाने मांडलं असतं आणि आम्ही माना डोलावल्या असत्या. त्या दिवशी सर्वांत तरुण वडील आधी बोलला. हातातल्या पेनाचं टोपण काढत आणि लावत तो म्हणाला, “मला भीती वाटते. दोन घरांचे पगार गेलेत, आणि ती घरं आपल्याला सांगत नाहीयेत.” त्याच्यानंतर आणखी दोघांनी, आपल्यालाही तसंच वाटत होतं, असं कबूल केलं. पाळकाची पाळी आली तेव्हा त्यांनी समोरची फाईल बंद केली आणि म्हणाले, “त्या घरांची नावं मला द्या.” कर्जाचा विषय तिथेच संपला.

सभेबाहेर मात्र एकच आवाज हवा. ‘मी तर विरोध केला होता’ असं उंबऱ्याबाहेर म्हणणारा वडील सगळ्यांचा विश्वास एका वाक्यात घालवतो. सभासदांच्या खासगी गोष्टी घरीही सांगू नयेत, जोडीदारालाही नाही.

पाळकाची जागा

अनेक वडील असले म्हणजे सगळे सारखंच काम करतील असं नाही. वचन आणि शिक्षण यांत श्रम घेणाऱ्या वडिलांचा विशेष मान राखावा असं १ तीमथ्य ५:१७ सांगतं, आणि पुढचं वचन मजुरीचं आहे. पगारी पाळक असणं आणि सामायिक पुढारपण यांत विरोध नाही. अधिकार सारखा, पण दानं आणि वेळ वेगवेगळे. तरी तीन गोष्टी पाळा. सभेचं अध्यक्षस्थान मुख्य उपदेशकाकडे कायम नको. त्याच्या पगाराची चर्चा चालू असताना तो खोलीबाहेर असावा, आणि ती चर्चा दर वर्षी न मागता व्हावी. वर्षातले काही रविवार दुसऱ्या वडिलांनी वचन सांगावं, थोडं अडखळत असले तरी. मंडळीला एकाच आवाजाची सवय लागली, की तो आवाज बंद झाल्यावर ती पांगते.

कळप वाटून घ्या

प्रत्येक वडिलाला दहा-बारा घरं नेमून द्या आणि कोणतं घर कोणाकडे आहे ते मंडळीला कळू द्या. सगळ्यांची जबाबदारी सगळ्यांवर ठेवली की एखादं कुटुंब चार महिने आलं नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आजाऱ्याकडे जाताना दोघांनी जावं. याकोबही ‘वडिलांना’ बोलवायला सांगतो. वडिलांनीही स्वतःचं घर दुसऱ्या वडिलाच्या यादीत घालावं, कारण त्यांनाही कोणी तरी भेटायला आलं पाहिजे.

पैशाबद्दल थोडक्यात: दान मोजायला नात्यात नसलेले दोघे, बँकेत दोन सह्या, हिशेब सगळ्यांसमोर. यरुशलेमसाठी गोळा केलेली मदत पाठवताना कोणी दोष काढू नये म्हणून पौलासारख्या माणसाने बरोबर इतरांना घेतलं (२ करिंथ ८:२०–२१). आपण त्याच्याहून मोठे नाही.

वडिलावर आरोप आला तर

दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय वडिलाविरुद्ध आरोप ऐकू नये, आणि पाप करणाऱ्याला सर्वांदेखत दोष द्यावा, ही दोन वचनं लागोपाठ आहेत (१ तीमथ्य ५:१९–२०). पहिलं धरून दुसरं सोडणाऱ्या मंडळ्या खूप. पहिलं वचन वडिलाला अफवांपासून वाचवण्यासाठी आहे, बळी पडलेल्या माणसाचं तोंड बंद करण्यासाठी नाही. मुलांवरचा अत्याचार, लैंगिक शोषण, मारहाण, अफरातफर यांतलं काहीही कानावर आलं तर ती मंडळीची आतली बाब राहत नाही. कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. ‘आधी आपण चौकशी करू’ म्हणू नका. त्यात पुरावे जातात आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो पुन्हा एकटा पडतो. संबंधित वडिलाने लगेच सगळ्या कामांतून बाजूला व्हावं, आणि मंडळीच्या स्तरावर जे काही पाहायचं ते त्याच्या जवळच्या मित्रांकडे देऊ नये. गरज वाटली तर दुसऱ्या मंडळीतल्या विश्वासू वडिलांना बोलवा.

एकमेकांना तपासणं

कॅल्विनच्या काळात जिनिव्हाचे पाळक वर्षातून चारदा, प्रभुभोजनाच्या आधी, एकत्र बसून एकमेकांचे दोष समोरासमोर सांगत. ही पद्धत आम्ही लहान स्वरूपात उचलली. तीन महिन्यांनी एक संध्याकाळ, कामाचा एकही विषय नाही. प्रत्येकाने सांगायचं: प्रार्थना कशी चालली आहे, घरी काय चाललं आहे, कोणाबद्दल मनात कडूपणा आहे. मग बाकीच्यांनी त्याला एक गोष्ट सांगायची जी त्याला स्वतःला दिसत नाही. पहिल्या दोन वेळा आम्ही फक्त कौतुक केलं. तिसऱ्या वेळी एकाने मला सांगितलं, “तुम्ही ऐकताना घड्याळाकडे बघता.” मी घड्याळ काढून ठेवलं, आणि तेव्हापासून भेटीला जाताना घालत नाही.

मतभेद होतीलच. पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला (गलती २), आणि मार्क या सोबत्याला बरोबर न्यायचं की नाही यावरून पौल-बर्णबा वेगळे झाले. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस वेगळा. त्याला पहिलं स्थान हवं होतं. वाद शिकवणीचा आहे, पद्धतीचा आहे की स्थानाचा, हे आधी ओळखा. तिसऱ्या प्रकारच्या वादावर चर्चेचा उपयोग होत नाही, त्या माणसाला प्रेमाने पण उघडपणे सांगावंच लागतं.

विश्रांती आणि सुपूर्त करणं

तीन-चार वर्षांनी प्रत्येक वडिलाला वर्षभराची सुटी द्या. थकवा, घरातलं आजारपण, लहान मुलं या कारणांनी पद सोडणाऱ्याला मंडळीने उभं राहून निरोप द्यावा, म्हणजे पुढच्याला ‘नको’ म्हणायची लाज वाटणार नाही. आणि जो जाणार आहे त्याने आपल्या घरांची वही नव्या वडिलाच्या हातात नुसती देऊ नये. त्याला बरोबर घेऊन प्रत्येक घरी एकदा जावं. पहिल्या तीन घरी स्वतः बोलावं. चौथ्या घराची कडी त्याला वाजवू द्यावी.